फूकोचा लंबक

पृथ्वी स्वतःभोवती फिरते याविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांस शंका नव्हती. परंतु आकाशाकडे न पाहता, चार भिंतींच्या आत, तिचे फिरणे सर्वांच्या डोळ्यांदेखत कोण दाखविणार? हे अवघड कार्य लेऑन फूको याने केले.

फूकोचा जन्म १८१९ साली पॅरिस येथे झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. पुढे त्याने वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. पण रक्त पाहणे त्याला सोसेना, म्हणून तो सोडून दिला. यंत्रे घडविण्यात मात्र त्याचा हात विलक्षण कुशल होता. उच्च गणित न शिकलेल्या या तरुणाला मोठमोठे पंडित आपल्या पंक्तीला बसवीत नसत.

गोंडपिपरीहून चंद्रपूरला निघालेली मोटार सरळ रस्त्याने एकाच वेगाने जात असेल, तर आत वर उडविलेला चेंडू पुन्हा हातातच पडतो. अशा मोटारीला जडत्वीय संदर्भचौकट म्हणतात. मोटार वळली, की कोणी न ढकलताही प्रवासी एका बाजूस कलतो. ही झाली अजडत्वीय चौकट. तिची गती आतल्या आतच कळते. फिरणारी पृथ्वीही अशीच वळणारी मोटार आहे. पण तिचे वळण इतके संथ, की ते आपल्या अंगाला जाणवत नाही.

ते पकडण्यासाठी १८५१ च्या जानेवारीत फूकोने घराच्या तळघरात २ मीटर लांबीच्या तारेला जड गोळा टांगला. पहिल्या प्रयत्नात तारच तुटली. त्याने धीर सोडला नाही. काही दिवसांनी, रात्री दोन वाजता, झोक्याची रेषा हळूहळू वळताना त्याला दिसली. लंबकाला बाजूस ढकलणारे तेथे कोणी नव्हते. त्याच्या खालची जमीनच पृथ्वीबरोबर वळत होती! मार्चमध्ये पाँथेऑन या भव्य वास्तूत ६७ मीटर तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून त्याने हाच प्रयोग लोकांपुढे मांडला. तो पाहण्यास गर्दी लोटली.

१८६५ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले. १८६८ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, तो मरण पावला.

लंबकाच्या रेषेचा एक फेरा ध्रुवावर सुमारे २४ तासांत, तर पॅरिसला सुमारे ३२ तासांत पुरा होतो. विषुववृत्तावर ती रेषा मुळीच वळत नाही. गोंडपिपरीत असा लंबक टांगला, तर त्याची रेषा तासाला सुमारे ५ अंश वळेल आणि तिचा फेरा पुरा होण्यास जवळजवळ तीन दिवस लागतील. एक तार, एक गोळा आणि अपार चिकाटी एवढ्या सामग्रीवर फूकोने पृथ्वीची गती जगाला दाखवून दिली.