२ रुपये पगारावर खिळे घासणारा मुलगा ‘निर्णयसागर’चा मालक कसा झाला? जाणून घ्या जावजी दादाजींची कहाणी

डिजिटल डेस्क, नागपूर : मोबाइलवर मराठी टाइप करताना ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ क्षणात उमटतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र छापलेल्या प्रत्येक अक्षरामागे शिशाचा एक खिळा असायचा. खिळा झिजलेला असेल तर अनुस्वार उडायचा, चुकीचा लागला तर अर्थच बदलायचा. हेच खिळे घासत मोठे झालेल्या जावजी दादाजी यांनी मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना उभा केला. शुद्ध आणि सुबक छपाईसाठी देशभरातील पंडित या छापखान्याचे नाव घेऊ लागले.

कोण होते जावजी दादाजी?

जावजींचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील. त्यांचा जन्म १८३९ मध्ये मुंबईतील उमरखाडी भागात झाला. घरची गरिबी असल्याने शिक्षण जेमतेमच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार दरमहा २ रुपये.

काम हलके असले तरी जागा शिकण्यासारखी होती. याच छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांवर मोठे काम केले होते. पुढे जावजींनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘इंदुप्रकाश’ अशा ठिकाणी नोकरी केली. कामगार म्हणून एकेक टप्पा चढत त्यांनी हा धंदा हाताखालून घातला.

खिळा कसा तयार व्हायचा?

आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की त्यात अक्षराचा खोलगट साचा उठतो. त्याला मातृका म्हणतात. या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की एक खिळा तयार होतो. एकदा मातृका हाती आली की तेच अक्षर हजारो वेळा पाडता येते. त्यामुळे ठसा कोरणाऱ्याची चूक प्रत्येक पानावर उमटते आणि त्याचे कसबही.

इंग्रजीत २६ अक्षरांच्या मोठ्या आणि लहान रूपांवर काम भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. संस्कृत ग्रंथासाठी ही संख्या आणखी वाढते.

छापखान्याआधी खिळ्यांचा कारखाना का?

जावजींच्या यशाचे इंगित इथेच आहे. त्यांनी १८६४ मध्ये आधी खिळे पाडण्याचा छोटा कारखाना काढला. अक्षरे कोरण्यात वाकबगार असलेले मित्र राणोजी रावजी आरू यांची त्यांना साथ मिळाली. लहानमोठ्या आकारांत या जोडीने तयार केलेली देवनागरी अक्षरे ठसठशीत आणि डोळ्यांना सुखावणारी होती.

छापखाना आला १८६९ मध्ये. तोवर खिळे घरचे झाले होते. झिजलेले खिळे वितळवून नवे पाडता येत, हवे ते जोडाक्षर करून घेता येत. बाहेरून खिळे विकत घेणाऱ्या छापखान्यांना ही सोय नव्हती.

मुंबईत १८३१ मध्येच गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले होते. जावजींनी काढलेले ‘निर्णयसागर पंचांग’ खिळ्यांच्या छपाईने घरोघरी पोहोचले. पंचांगात रकानेच रकाने आणि आकडेच आकडे. एक आकडा चुकला तर तिथी चुकते, मुहूर्त चुकतो. शुद्धतेची ही शिस्त पुढे ग्रंथांच्या कामी आली.

छापखान्याची वास्तू कशी चालायची?

निर्णयसागरचा पत्ता म्हणजे काळबादेवी परिसरातील कोलभाट गल्ली, घर क्रमांक २६-२८. संस्कृत पुस्तकांवर हा पत्ताही संस्कृतात छापलेला असे, ‘कोलभाटवीथी’ असा.

त्या काळातील छापखान्याच्या इमारतीला तीन गोष्टी सांभाळाव्या लागत. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला भरपूर उजेड हवा, कारण तो अक्षरे उलटी वाचत असतो. खिळ्यांच्या केसेस आणि छपाईयंत्रे यांचे वजन पेलणारी जमीन हवी. खिळे ओतण्याची भट्टी असेल तर ती कागदापासून लांब हवी. निर्णयसागरने अक्षर ओतणे, जुळवणे, छापणे आणि पुस्तक प्रकाशित करणे ही सगळी कामे एकाच संस्थेत आणली.

पंडितांचा विश्वास कसा मिळाला?

१८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक इथून निघू लागले. १८८६ पासून ‘काव्यमाला’ सुरू झाली. जुनी संस्कृत काव्ये आणि नाटके हस्तलिखितांवरून तपासून छापणारी ही माला होती. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. तोवर पोथ्यांच्या बस्त्यात पडून असलेले अनेक ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले. परदेशातील संस्कृत अभ्यासकही या आवृत्त्या वापरू लागले.

स्वतः जेमतेम शिकलेल्या मालकाने संपादन शास्त्री-पंडितांकडे सोपवले आणि त्यांच्या कामाला साजेसे अक्षर दिले.

पुढे काय झाले?

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागे पुस्तकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी, नंतर पांडुरंग जावजी आणि पुढे सत्यभामाबाई पांडुरंग यांचे नाव येत राहिले.

निर्णयसागरच्या अनेक आवृत्त्यांची पाने जशीच्या तशी पुनर्मुद्रित झाली आहेत. डिजिटल ग्रंथालयांत त्यांच्या स्कॅन प्रतीही मोफत मिळतात. अशी एखादी प्रत मोबाइलवर उघडून पान मोठे करून पाहा. बारीक टायपातल्या तळटिपेतही रफार आणि अनुस्वार कसे वेगळे दिसतात, हे लगेच लक्षात येईल.