दीपगृहाचे भिंग करणारे फ्रेनेल

ऑगस्टिन फ्रेनेल यांचा जन्म १७८८ साली फ्रान्स देशात झाला. आठ वर्षांचे झाले तरी त्यांना नीट वाचता येत नव्हते. पुढे ते रस्ते बांधणारे इंजिनिअर झाले. तेव्हा दीपगृहाचे दिवे मंद असत. जहाजे खडकावर आपटून फुटायची. एकच मोठे भिंग केले तर ते फार जाड आणि जड व्हायचे. फ्रेनेल यांनी काचेचे तुकडे गोल कड्यांसारखे बसवून हलके भिंग केले. १८२३ साली ते कोर्दुआँ दीपगृहात लावले. उजेड ३० किलोमीटरच्या पुढे दिसू लागला. १८२७ साली ते क्षयाने वारले. ते फक्त ३९ वर्षांचे होते.

मीपण वाचताना अडखळतो. म्हणून मला फ्रेनेल फार आवडतात. आई शाळेत आली की हे मीच तिला वाचून दाखवणार आहे.