कायावाचामने कुशल : धर्मानंद कोसंबी

बौद्ध परंपरेत सदाचाराची गणना दहा कुशल कर्मपथांत केली जाते. हिंसा, चोरी आणि व्यभिचार यांपासून दूर राहणे ही शरीराची तीन कर्मे. असत्य, चहाडी, कठोर शब्द व वायफळ बडबड टाळणे ही वाणीची चार. निर्लोभता, अद्वेष आणि सम्यक दृष्टी ही मनाची तीन. पाली ग्रंथांतील हा विचार सोप्या मराठीत आणण्यासाठी धर्मानंद कोसंबी यांनी आयुष्य वेचले.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या कोसंबींना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचून त्यांना ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. पुढे सिलोनमध्ये पालीचे अध्ययन केले, ब्रह्मदेशात भिक्षू झाले. हे गृहत्यागाचे कर्म कुशल म्हणावे काय, हा प्रश्न सहज सुटणारा नाही. १९०६ मध्ये चीवर उतरवून ते गोव्यात परतले आणि त्यांनी कलकत्त्यात पुन्हा संसार मांडला. त्यांच्या तपश्चर्येच्या कौतुकात बाळाबाईंची मधली सात वर्षे बहुधा विसरली जातात.

निर्लोभतेची परीक्षा लवकरच झाली. कलकत्ता विद्यापीठात दरमहा अडीचशे रुपये मिळण्याची शक्यता असताना, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे पन्नास रुपये स्वीकारले. १९१० मध्ये ते हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी गेले. तेथे श्रेयावरून मतभेद झाले आणि ते परतले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

सत्य बोलण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची लोकप्रिय कथा नाकारली. बुद्ध आणि प्राचीन जैन श्रमण मांसाहार करीत, या त्यांच्या मांडणीवर तर मोठा गदारोळ उठला. तरीही त्यांनी आपले मत बदलले नाही.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. व्याधींनी जर्जर झाल्यावर अन्नत्याग करून देह ठेवण्याचे त्यांनी ठरविले. एकदा गांधीजींच्या आग्रहाने ते थांबले. मात्र जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्न वर्ज्य केलेल्या अवस्थेत त्यांचे निधन झाले.