भास्कराचार्य

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलवीड नगरात शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या ‘लीलावती’ या भागात अंकगणित व भूमिती आहे. ‘बीजगणित’ भागात अव्यक्त संख्यांचा विचार आहे.

मुलांनो, त्यांचे एक उदाहरण पाहा. ३२ हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मध्येच मोडला. त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर भूमीला टेकला. तर वेळू किती उंचीवर मोडला? मोडून कललेला भाग हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होय, एवढे ध्यानी आले की कोडे सुटलेच! उभा भाग १२ हात, कललेला २०. ताळा तुम्हीच करून पाहा.

त्या काळी आपल्याकडे मुद्रणकला नव्हती. शिष्यांनी अध्ययन सोडले, पोथ्यांच्या नकला थांबल्या, की ग्रंथ लोप पावे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमारास तेथे कोरलेल्या शिलालेखात मठाला मिळालेल्या देणग्यांची नोंद आहे. गावच्या तेलाच्या घाण्यांनी मठास तेल द्यावे, असेही त्यात जुन्या मराठीत लिहिलेले आहे.