हिरव्या टेबलावरचा पहिला जगज्जेता

भारतीय क्रीडा इतिहासातील काही वर्षे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. १९७५ म्हटले की क्वालालंपूरची हॉकी आठवते, १९८३ म्हटले की लॉर्ड्सची गॅलरी. १९५८ म्हटले की मिल्खासिंगचे कार्डिफमधील सुवर्णपदक सांगणारेही अनेक भेटतात. पण त्याच १९५८ मध्ये, कोलकात्यात, पुण्यात जन्मलेल्या एका माणसाने वैयक्तिक खेळात भारताला पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले होते, हे मात्र आज फार थोड्यांना सांगता येईल. खेळ होता बिलियर्ड्स आणि त्या माणसाचे नाव होते विल्सन जोन्स.

विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण कॅम्प भागातील बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स या शाळांत झाले. त्या काळचे पुणे कॅम्प म्हणजे शहरातलेच दुसरे शहर होते. पेठांमध्ये तालमी घुमत होत्या, तर कॅम्पात लष्करी मेस, क्लब आणि जिमखाने होते आणि तिथल्या दिवाणखान्यांत हिरवे कापड चढवलेली बारा फुटी टेबले मांडलेली असत. बिलियर्ड्स हा साहेबाचा, सरदार-संस्थानिकांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा विरंगुळा मानला जाई.

गंमत अशी की स्नूकर हा बिलियर्ड्सचा धाकटा भाऊ जन्माने भारतीयच. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा नवा खेळ रचला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खेळ इथे जन्मला खरा, पण इथल्या माणसाला त्या टेबलापर्यंत पोहोचायला बराच काळ जावा लागला. जोन्स यांच्या कारकिर्दीचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे लागते.

बिलियर्ड्स आणि स्नूकर यांत सामान्य वाचकाची अनेकदा गल्लत होते. स्नूकरमध्ये पंधरा लाल, सहा अन्य रंगांचे आणि एक पांढरा असे बावीस चेंडू असतात. लाल, मग रंगीत, पुन्हा लाल या क्रमाने ते खिशात घालायचे असतात. बिलियर्ड्समध्ये चेंडू फक्त तीन. आपल्या चेंडूने बाकीच्या दोघांना स्पर्श केला की कॅनन होते आणि त्याचे दोन गुण मिळतात. लाल चेंडू खिशात घातला किंवा त्याला लागून आपला चेंडू खिशात गेला की तीन गुण. चेंडू कमी म्हणून खेळ सोपा, असे वाटू शकते. प्रत्यक्षात उलटेच आहे. प्रत्येक फटका मारताना पुढच्या फटक्यासाठी तिन्ही चेंडू कुठे थांबतील, याचा हिशेब आधीच करावा लागतो. दोन-दोन, तीन-तीन गुणांची वीट रचत शंभर, दोनशे, तीनशेची इमारत उभी करायची आणि एका चुकीने उठून खुर्चीत बसायचे. मग प्रतिस्पर्धी किती वेळ टेबलावर राहील, हे आपल्या हातात नसते. बिलियर्ड्सपटूचे निम्मे आयुष्य या खुर्चीतल्या वाट पाहण्यात जाते.

जोन्स यांनी हे वाट पाहणे लवकर शिकून घेतले. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या समाजातील अनेक कुटुंबे तेव्हा ब्रिटन, ऑस्ट्रेलियाची वाट धरत होती. जोन्स इथेच राहिले आणि पुढे मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. १९४८ मध्ये त्यांनी राष्ट्रीय स्नूकर विजेतेपद जिंकले. १९५० मध्ये बिलियर्ड्सचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले आणि मग ती मालिकाच सुरू झाली. १९५१, १९५२, १९५४, १९५५, १९५७, १९६०, १९६१ आणि १९६३ ते १९६६ अशी सलग चार वर्षे धरून बिलियर्ड्सची बारा राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर लागली. १९४८, १९५२, १९५४, १९५८ आणि १९६० अशी स्नूकरची पाच विजेतेपदे वेगळी. १९५२, १९५४ आणि १९६० या वर्षांत तर दोन्ही खेळांचे मुकुट एकाच डोक्यावर होते.

ही यादी वाचताना आजच्या वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी क्रमवारी नावाचा प्रकार नव्हता. आज व्यावसायिक स्नूकरपटू वर्षभर एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत धावत असतो. दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर त्याचे स्थान ठरते. पहिल्या सोळांत असला तर शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहातील जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश, अन्यथा पात्रता फेऱ्यांचे दळण. पहिल्या चौसष्टांबाहेर गेला तर व्यावसायिक म्हणून खेळण्याचा हक्कच धोक्यात येतो. दोन वर्षांपूर्वीची कमाई दर स्पर्धेगणिक गळून पडते, त्यामुळे जागच्या जागी राहण्यासाठीसुद्धा जिंकत राहावे लागते. एक स्पर्धा वाया गेली तर पुढच्या स्पर्धेत भरून काढता येते, हा मात्र त्यातला दिलासा.

जोन्स यांच्या पिढीला हा दिलासा नव्हता. वर्षातून एकदा राष्ट्रीय स्पर्धा होई आणि देशातर्फे कोणी जायचे, हे मुख्यत्वे तिच्यावरून ठरे. जागतिक हौशी स्पर्धा तर दर वर्षीही होत नसे. टी. ए. सेल्वराज, चंद्रा हिरजी यांच्यासारखे तुल्यबळ खेळाडू समोर असत. त्या मोजक्या दिवसांत हात बिघडला, तर पुढची संधी कधी येईल ते सांगता येत नसे. शिवाय सारा मामला हौशी खेळाडूंचा होता. करंडक मिळे, टाळ्या मिळत, पण त्यावर घर चालत नसे. अशा परिस्थितीत सतरा वर्षांत बारा वेळा राष्ट्रीय विजेता होणे म्हणजे एखाद्या खेळाडूने क्रमवारीचे पहिले स्थान दीड दशक जवळपास स्वतःच्या नावावर ठेवण्यासारखेच होते.

जागतिक पातळीवर मात्र वाट खडतर होती. १९२६ पासून सुरू असलेल्या या स्पर्धेवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची मक्तेदारी होती. दक्षिण आफ्रिकेचा खेळाडूही एकदा जिंकला होता. १९५१ मध्ये लंडनला ऑस्ट्रेलियाचा बॉब मार्शल, १९५२ मध्ये कोलकात्यात इंग्लंडचा लेस्ली ड्रिफिल्ड आणि १९५४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचाच टॉम क्लिअरी विजेता ठरला. घरच्या टेबलावरही भारताचा राष्ट्रीय विजेता जगाच्या मागेच आहे, हे १९५२ मध्ये दिसून आले होते. आशियातील एकाही खेळाडूचे नाव तोवर त्या करंडकावर कोरले गेले नव्हते.

त्यानंतर चार वर्षांचा खंड पडला आणि १९५८ मध्ये स्पर्धा पुन्हा कोलकात्यात आली. जोन्स तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी मिळवले ते स्नूकरचे, बिलियर्ड्सचे नव्हे. बिलियर्ड्समधील त्यांचा शेवटचा राष्ट्रीय विजय आदल्या वर्षीचा होता. म्हणजे ज्या वर्षी ते जगात अव्वल ठरले, त्या वर्षी मायदेशातील अव्वलपद त्यांच्या नावावर नव्हते. खेळातला हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. स्पर्धा साखळी पद्धतीची होती, प्रत्येकाशी खेळायचे आणि सर्वांना पुरून उरायचे. अशा स्पर्धेत नशिबाचा एखादा सामना पुरत नाही, दिवसेंदिवस तोच संयम टिकवावा लागतो. जोन्स यांनी तो टिकवला आणि जागतिक अजिंक्यपद पटकावले. भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता असा त्यांचा लौकिक झाला.

हॉकीच्या सुवर्णपदकांनी देशाला सांघिक विजयाची सवय लावली होती. कराडच्या मातीतून आलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून एकटा भारतीयही ऑलिम्पिकच्या चौथऱ्यावर उभा राहू शकतो, हे दाखवले होते. जोन्स यांनी पुढची पायरी गाठली. तरीही दोघांच्या वाट्याला आलेली लोकप्रियता सारखी नव्हती. कुस्ती गावोगावची होती. हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरसारख्या, नावातच आखाडा मिरवणाऱ्या गावात पहिलवानाचे कौतुक कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बिलियर्ड्स बंद दाराआड, क्लबाच्या सभासदांपुढे खेळले जाई. ज्याने तो खेळ पाहिलाच नाही, त्याने त्याच्या जगज्जेत्याचा जयजयकार तरी कसा करावा? जोन्स यांच्या विस्मरणाचे मोठे कारण इथे सापडते.

पहिल्या यशानंतर दुसरे मिळायला सहा वर्षे लागली. १९६० मध्ये एडिंबरोला इंग्लंडचा हर्बर्ट बीथम जिंकला, १९६२ मध्ये पर्थला पुन्हा मार्शल. पहिले जगज्जेतेपद घरच्या मैदानावरचे होते, असे म्हणायला जागा होती. ती जागा जोन्स यांनी १९६४ मध्ये भरून काढली. त्या वर्षीची स्पर्धा न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे झाली. ऑकलंडच्या दक्षिणेला असलेले हे गाव कांदा-बटाट्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेची आठवण व्हावी, असे ते ठिकाण. तिथे, मायदेशापासून हजारो मैल दूर, बेचाळिसाव्या वर्षी जोन्स दुसऱ्यांदा जगज्जेते झाले. परके टेबल, परके हवामान, परका प्रेक्षक आणि तरीही तोच निकाल. याच स्पर्धेत मुंबईचा मायकल फरेरा हा तरुण खेळाडूही भारतातर्फे उतरला होता. एका पिढीचा सूर्य माथ्यावर असतानाच दुसरी पिढी टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

सन्मान त्यांच्याकडे क्रमाक्रमाने आले. १९६३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९६५ मध्ये पद्मश्री. १९६६ मध्ये त्यांनी बारावे राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद जिंकले आणि पुढच्याच वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. शिखरावर असताना खाली उतरण्याचा निर्णय फार थोड्यांना जमतो. जोन्स यांना तो जमला.

निवृत्तीनंतरचे आयुष्य त्यांनी शिकवण्याला वाहिले. पुढे नाव काढणाऱ्या ओम अग्रवाल, अशोक शांडिल्य यांच्यासारख्या खेळाडूंना त्यांचे मार्गदर्शन लाभले. ओम अग्रवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिन येथे जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. शांडिल्य यांनी १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत बिलियर्ड्सचे एकेरीचे आणि गीत सेठी यांच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. फरेरा यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा जिंकून जोन्स यांचा वारसा पुढे नेला. १९९६ मध्ये जोन्स यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. खेळाडू म्हणून अर्जुन आणि गुरू म्हणून द्रोणाचार्य, असे दोन्ही मान लाभलेल्या मोजक्या व्यक्तींत त्यांची गणना होते.

५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. नियतीचा योग असा की त्याच महिन्यात चीनमध्ये अठरा वर्षांच्या एका भारतीय मुलाने जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. पंकज अडवाणी हे त्याचे नाव आणि त्याचाही जन्म पुण्याचाच. २०२४ अखेर अडवाणी यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या २८ वर पोहोचली.

दरम्यान खेळाचा नकाशा बदलला. दूरचित्रवाणीने स्नूकरला रंगीत चेंडूंसकट घराघरांत नेले आणि बिलियर्ड्स मागे पडले. १९७६ मध्ये जागतिक क्रमवारी सुरू झाली. २०१३ मध्ये दिल्लीत पहिली इंडियन ओपन भरली आणि क्रमवारीचे गुण देणारी व्यावसायिक स्पर्धा भारतात आली. मुंबईच्या आदित्य मेहता याने तिची अंतिम फेरी गाठली, तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला हरवले. २०१५ मध्ये ही स्पर्धा मुंबईतही झाली. अडवाणी यांनी २०१२ पासून दोन मोसम व्यावसायिक मंडळात काढले आणि मग ती वाट सोडली. मुंबईच्याच ईशप्रीत सिंग चढ्ढा याने २०२४ मध्ये इंग्लिश ओपनची उपांत्य फेरी गाठली. क्रमवारीतल्या एकेका जागेसाठी चाललेली ही धडपड वर्षातले कित्येक महिने परदेशात, स्वतःच्या खर्चाची जुळवाजुळव करत चालते. जोन्स यांच्या काळी संधी थोड्या होत्या. आज संधी अनेक आहेत, पण त्या परवडण्याचा प्रश्न आहे.

मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स दालनाला विल्सन जोन्स यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या खेळात भारतीय माणूस पाहुणा मानला जात होता, त्याच खेळाच्या दारावर पुण्याच्या या खेळाडूचे नाव लागले. तिथे खेळायला येणाऱ्या नव्या मुलांनी क्रमवारीच्या तक्त्यावर नजर ठेवावीच. पण क्यूच्या टोकाला खडू लावताना दारावरच्या त्या नावाकडेही एकदा पाहावे. तक्ता दर स्पर्धेनंतर बदलतो, १९५८ ची नोंद मात्र बदलणार नाही.