घरातील डार्विन

सन १८७३ मध्ये चार्ल्स डार्विनकडे त्याचा आतेभाऊ फ्रान्सिस गॉल्टन याने एक प्रश्नावली पाठविली. इंग्लंडातील नामांकित शास्त्रज्ञांची घडण कशी झाली, याचा शोध गॉल्टन घेत होता. त्यासाठी त्याला प्रत्येकाची उंची, केसांचा रंग, टोपीचा आतील घेर, स्मरणशक्ती, शिक्षण अशी बारीकसारीक माहिती हवी होती. डार्विन त्या वेळी चौसष्ट वर्षांचा होता व त्याचे नाव जगभर गाजत होते. तरी एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे त्याने उत्तरे लिहून दिली. उंची सहा फूट. टोपीचा घेर सव्वाबावीस इंच. सनावळी आणि पाठांतर यांच्या बाबतीत स्मरणशक्ती अगदी वाईट. अंगी काही विशेष गुण? एकही नाही; मात्र हिशेब चोख ठेवणे, पत्रव्यवहार नियमित करणे आणि पैसा चांगला गुंतविणे एवढे आपणांस जमते, असे त्याने कळविले. शिक्षणाविषयी त्याचे म्हणणे असे की, मोलाचे जे काही आपण शिकलो ते आपले आपणच शिकलो. (ही ओळ आमच्या शिक्षकवर्गाने वाचून सोडून द्यावी, अशी विनंती आहे.)

पाठ्यपुस्तकात आपणांस भेटतो तो लांब पांढऱ्या दाढीचा, खोल डोळ्यांचा, उत्क्रांतिवाद मांडणारा गंभीर वृद्ध. परीक्षेपुरता तो पुरेसा आहे. प्रश्नावलीतला डार्विन त्याहून थोडा जवळचा वाटतो खरा. परंतु स्वतःविषयी बोलावयाची वेळ आली की तो हिशेबाच्या वहीआड लपतो. तेव्हा त्याला न विचारता, त्याच्या घरात शिरून त्याच्या आवडीनिवडी पाहाव्यात, असे आम्ही ठरविले आहे.

त्याची पहिली आवड किड्यांची. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी येथे एका डॉक्टरच्या घरी तो जन्मला. तो आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. शाळेत त्याचे मन रमले नाही. थोरल्या भावाबरोबर बागेतल्या खोपटात तो रसायनांचे प्रयोग करी, म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘गॅस’ ठेवले आणि मुख्याध्यापकांनी चारचौघांत त्याची कानउघाडणी केली. शिकार, कुत्री आणि उंदीर मारणे यांपलीकडे या मुलाला कशाचीच पर्वा नाही, असे वडिलांनी एकदा संतापून सुनावले होते. वैद्यक शिकावयास त्याला एडिंबरोला धाडले, तर तेथे एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहून तो पळून आला. भूल देण्याचे औषध तेव्हा निघाले नव्हते. पुढे केंब्रिजला पाद्री होण्यासाठी गेला आणि भुंगेरे गोळा करीत बसला. एकदा झाडाची जुनी साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. दोन्ही हातांत एकेक धरला, तोच तिसरा दिसला! उजव्या हातातला त्याने सरळ तोंडात टाकला. भुंगेऱ्याने जिभेवर असा जळजळीत रस सोडला की, तो थुंकून टाकावा लागला. आणि तिसराही निसटला. हा अनुभव घेऊनही त्याचा नाद सुटला नाही.

‘बीगल’ जहाजावरील त्याच्या प्रवासाविषयी येथे फार लिहीत नाही, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. २७ डिसेंबर १८३१ ते २ ऑक्टोबर १८३६ एवढा काळ तो घराबाहेर होता आणि या सर्व काळात त्याला बोट लागत असे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दक्षिण अमेरिकेत रिआ नावाच्या शहामृगासारख्या पक्ष्याची एक लहान जात तो कित्येक दिवस शोधीत होता. एके दिवशी जेवणात तोच पक्षी शिजून आला, आणि बराचसा खाऊन झाल्यावर डार्विनच्या डोक्यात प्रकाश पडला! उरलेले डोके, मान, पाय, पंख त्याने घाईघाईने राखून ठेविले आणि ते इंग्लंडला पाठविले.

परत आल्यावर लग्न करावे की न करावे, याचाही त्याने कागदावर हिशेब मांडला. एका बाजूस फायदे, दुसऱ्या बाजूस तोटे. वेळ जाईल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत हे तोटे. म्हातारपणी सोबत मिळेल, आणि ती निदान कुत्र्यापेक्षा बरी, हा फायदा. जमाखर्च लग्नाच्या बाजूने निघाला व जानेवारी १८३९ मध्ये त्याने आपल्या मामाची मुलगी एमा वेजवुड हिच्याशी विवाह केला. हा संबंध आपल्याकडील पुष्कळ वाचकांना परका वाटणार नाही. आमच्या मते त्याच्या साऱ्या गुंतवणुकींत ही सर्वोत्तम ठरली.

१८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. तेथे डार्विनने चाळीस वर्षे काढली. पोटाच्या विकाराने तो सदा जर्जर असे, म्हणून त्याचा दिवस घड्याळासारखा चाले. सकाळी दीड तास काम, मग पत्रे, पुन्हा दीड तास काम, दुपारी फेरफटका. फिरण्यासाठी त्याने घरामागील झाडीतून एक खडीची वाट करविली होती. तिला सारे ‘सँडवॉक’ म्हणत. वाटेच्या टोकाशी गारगोट्यांचा ढीग असे. एक फेरी झाली की तो एक गारगोटी पायाने उडवी, म्हणजे विचारात असताना फेऱ्या मोजावयास नकोत. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव होत. हा फाशांवर चालणारा सोंगट्यांचा खेळ आहे. हिशेबी डार्विनने त्याचीही नोंद ठेविली होती: १८७६ च्या आरंभी एमाने जिंकलेले डाव २,४९० आणि आपले २,७९५, असे त्याने अमेरिकेतील एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रास मोठ्या आनंदाने कळविले.

गोड खाणे त्याला मुलासारखे आवडे आणि डॉक्टरांनी नेमके तेच वर्ज्य केले होते. गोड न खाण्याच्या प्रतिज्ञा तो वरचेवर करी. पण प्रतिज्ञा मोठ्याने उच्चारली नसेल तर ती बंधनकारक नाही, असा त्याने नियम केला होता. कादंबऱ्या एमाने वाचून दाखवाव्यात आणि त्यांचा शेवट गोड असावा. दुःखान्त कादंबऱ्यांना कायद्याने बंदी करावी, असे त्याचे मत होते. जाड पुस्तक हातात धरावयास जड झाले, तर तो ते खुशाल मधोमध फाडून दोन करी. (ग्रंथपालांनी क्षमा करावी.) तपकिरीचे व्यसन त्याला विद्यार्थिदशेपासून होते. ते कमी व्हावे म्हणून त्याने तपकिरीची बरणी अभ्यासिकेत न ठेवता बाहेरच्या दिवाणखान्यात ठेविली, म्हणजे प्रत्येक चिमटीसाठी उठून जावे लागे.

अभ्यासिकेत चाकांचे एक स्टूल होते. मुले त्यावर बसून, काठीने जमीन ढकलीत, खोलीभर नाव वल्हवीत. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या हस्तलिखिताची काही पाने आज उरली आहेत ती मुलांनी त्यांच्या पाठीमागे चित्रे काढली म्हणून. समुद्रातील खडकांना व जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नकल नावाच्या कवचधारी जीवांवर डार्विनने आठ वर्षे काम केले. तेव्हा त्याच्या एका मुलाने शेजाऱ्याविषयी विचारले म्हणतात की, हे गृहस्थ आपले बार्नकल कोठे करतात? सर्वच वडील तेच करीत असतात, अशी त्याची समजूत झाली होती.

या मुलांत अ‍ॅनी ही थोरली मुलगी. वडील कामात असता ती दिवाणखान्यातील बरणीतून चिमूटभर तपकीर चोरून आणी आणि त्यांच्या हातात ठेवी. अर्धा अर्धा तास वडिलांचे केस विंचरून त्यांना सुंदर करण्याचा तिला छंद होता. सँडवॉकवर ती त्यांच्यापुढे गिरक्या घेत चाले. १८५१ च्या वसंतात ती आजारी पडली. डार्विनने तिला मालव्हर्न येथे उपचारासाठी नेले. एमा गरोदर असल्याने घरीच राहिली होती. डार्विन लेकीच्या उशाशी बसून क्षणाक्षणाची हकीकत पत्राने तिला कळवीत होता. २३ एप्रिल रोजी अ‍ॅनी गेली. ती दहा वर्षांची होती. अंत्यविधीसही न थांबता तो एमाकडे परतला.

आठवड्याभराने त्याने कागद घेतला आणि अ‍ॅनीविषयी आठवेल ते लिहून काढले. तपकिरीची चिमूट, केस, गिरक्या हे सारे आपणांस कळते ते या कागदांमुळेच. भुंगेऱ्याच्या पाठीवरील ठिपके ज्या काळजीने टिपावे, त्याच काळजीने त्याने मुलीचे वागणे टिपले आहे. फरक इतकाच की, हे कागद छापण्यासाठी नव्हते. अ‍ॅनीची लिहावयाची पेटी एमाने जपून ठेविली. ती कुटुंबातच राहिली आणि डार्विनच्या खापरपणतूने, रँडल केन्सने, तीवरून २००१ मध्ये एक पुस्तक लिहिले.

सात वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. जून १८५८ मध्ये वॉलेसचा तो सुप्रसिद्ध निबंध टपालाने येऊन पोहोचला: वीस वर्षे ज्या कल्पनेवर आपण खपलो तीच दुसऱ्याला सुचली आहे, हे डार्विनला कळले. त्याच दिवसांत घरात ज्वराची साथ शिरली आणि २८ जूनला त्याचा धाकटा मुलगा, दीड वर्षांचा, दगावला. १ जुलै रोजी लंडनमध्ये लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले, तेव्हा डार्विन तेथे नव्हता.

उतारवयात एक गोष्ट त्याला सलत असे. प्रवासात त्याच्या खिशात मिल्टनचे काव्य असे. पुढे मात्र काव्य त्याला वाचवेना, शेक्सपिअरही नकोसा झाला. आयुष्य पुन्हा मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचीन आणि संगीत ऐकेन, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

संगीत त्याच्या घरात होते, परंतु शेवटी शेवटी ते गांडुळांच्या सेवेस लागले होते. मातीच्या कुंड्यांत गांडुळे भरून त्याने ती अभ्यासिकेत ठेविली. त्यांना ऐकू येते काय हे पाहण्यासाठी फ्रान्सिस या मुलाने त्यांच्यापुढे बासून नावाचे खर्ज स्वराचे वाद्य वाजविले, एमाने पियानो वाजविला, नातवाने शिटी फुंकली. गांडुळे ढिम्म! पण कुंडी पियानोवरच ठेवून स्वर छेडताच ती झटकन बिळात गेली: कान नाहीत, पण कंप जाणवतो. कोबी, गाजर, कांदा यांपैकी त्यांना काय रुचते तेही त्याने पाहिले. कलकत्त्याजवळच्या वनस्पती-उद्यानातून आणि निलगिरीतून त्याने गांडुळांनी वर टाकलेल्या मातीचे नमुने मागविले होते. या जीवांवरील पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले व हातोहात खपले.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथील घरी डार्विन वारला. गावच्याच चर्चच्या आवारात आपणांस पुरतील, असे त्याने धरले होते. परंतु लोकाग्रहास्तव त्याला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये, न्यूटनच्या थडग्यापासून जवळच, मूठमाती मिळाली. सँडवॉकवर त्याच्यामागे चालणारी पॉली ही पांढरी कुत्री त्याच्या पाठोपाठ काही दिवसांतच गेली. तिला मात्र बागेतच पुरले.