काळ्या रेषांतून मेंदू उलगडणारे कॅमिलो गॉल्जी

मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी रंगाशिवाय त्यात फारसे काही दिसत नाही. पेशी जवळजवळ पारदर्शक, त्यांचे तंतूही पारदर्शक आणि सारे एकमेकांत घट्ट गुंतलेले. त्यामुळे मेंदूविज्ञानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी रंगांचा इतिहास ठरला आहे. कोणता रंग नेमके कशाला धरतो, किती वेळात धरतो आणि काय सोडून देतो, यावर या शास्त्राची प्रगती अवलंबून राहिली. या इतिहासात मानाचे स्थान जाते ते इटालियन शास्त्रज्ञ कॅमिलो गॉल्जी यांच्याकडे. १८७३ मध्ये त्यांनी शोधलेल्या चांदीच्या अभिरंजनामुळे मज्जापेशी तिच्या सर्व शाखांसह प्रथमच डोळ्यांना दिसली. आणि त्याच अभिरंजनाने पुढे खुद्द गॉल्जी यांच्या लाडक्या सिद्धांताचा पाया उखडला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय.

गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात, ब्रेशियाजवळच्या डोंगराळ भागातील कोर्तेनो या लहानशा गावी झाला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. वडील आलेस्सांद्रो हे गावचे वैद्यकीय अधिकारी होते. मुलानेही वडिलांचाच मार्ग धरला आणि पाव्हिया विद्यापीठातून १८६५ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. पाव्हियातील सान मात्तेओ रुग्णालयात काम करीत असताना ते चेझारे लोंब्रोसो यांच्या प्रभावाखाली आले आणि मानसिक विकारांच्या कारणांचा अभ्यास करू लागले. परंतु केवळ तर्कावर उभ्या असलेल्या मनोविकारशास्त्राने त्यांचे समाधान होईना. रोगाचे मूळ पेशीत कोठे दडले आहे, ते त्यांना पाहायचे होते.

ही दृष्टी त्यांना दिली ज्यूलिओ बिझ्झोझेरो यांनी. बिझ्झोझेरो वयाने गॉल्जी यांच्यापेक्षा सुमारे तीन वर्षांनी लहान. पण ऊतिविज्ञानात मात्र गुरुस्थानी. त्यांच्या प्रयोगशाळेत गॉल्जी यांनी सूक्ष्मदर्शकाची साधना केली. पुढे बिझ्झोझेरो यांच्या भाचीशी, लीना आलेत्ती यांच्याशी, त्यांचा विवाहही झाला.

संशोधनात रमलेल्या या तरुणाला पैशाची विवंचना मात्र सुटली नव्हती. वडिलांच्या आग्रहामुळे १८७२ मध्ये त्यांनी मिलानजवळील आब्बियातेग्रासो येथील असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी पत्करली. विद्यापीठ दूर राहिले, प्रयोगशाळा सुटली, सहकारीही उरले नाहीत. अशा जागी एखाद्याचे संशोधन कायमचे थांबले असते. गॉल्जी यांनी आपल्या राहत्या घरातील स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा केली. एक सूक्ष्मदर्शक, मोजकी उपकरणे आणि काही रसायने एवढ्या भांडवलावर, रुग्णालयाचे काम आटोपल्यानंतर, मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे प्रयोग चालत.

त्या काळी मेंदूचे काप रंगविण्यासाठी कारमाइन आणि हिमॅटॉक्सिलिन ही द्रव्ये वापरीत. त्यांनी पेशींचे मुख्य अंग रंगे. परंतु तिचे बारीक तंतू दिसत ना दिसत तोच लुप्त होत. शिवाय सगळ्याच पेशी एकसारख्या रंगल्याने कोणता धागा कोणत्या पेशीचा, हे कळेनासे होई. जर्मन शास्त्रज्ञ ओटो डायटर्स यांनी सुईच्या टोकाने एकेक पेशी सोडवून पाहिली होती. पण हाताने किती तंतू सोडविणार?

गॉल्जी यांनी मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात मुरवून घट्ट केले आणि नंतर ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडविले. दोन्ही रसायनांच्या संयोगातून सिल्व्हर क्रोमेटचे सूक्ष्म कण तयार झाले आणि ते काही मोजक्या पेशींमध्येच साचले. पिवळसर पार्श्वभूमीवर त्या पेशी टाकाने रेखाटाव्यात तशा गडद काळ्या उमटल्या. पेशीचे अंग, झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका आणि दूरवर जाणारा अक्षतंतू असे सारे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. या पद्धतीला त्यांनी काळी प्रतिक्रिया असे नाव दिले आणि १८७३ च्या ऑगस्टमध्ये एका इटालियन वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली.

या पद्धतीचे बळ तिच्या अपुरेपणात होते. शंभरातील जेमतेम काही पेशीच ती रंगविते, बाकीच्या तशाच सोडते. सर्व पेशी रंगल्या असत्या, तर सारा काप काळाठिक्कर झाला असता. मोजक्याच रंगल्यामुळे एकेक पेशी गर्दीतून वेगळी निघाली. नेमक्या याच पेशी का रंगतात, याचे समाधानकारक उत्तर दीडशे वर्षांनंतरही मिळालेले नाही.

तिचे दोषही लहान नव्हते. मूळ पद्धतीत तुकडा डायक्रोमेटमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवावा लागे. हवामान थंड की उष्ण, यावर तो काळ कमी-जास्त होई, आणि एवढे करून कित्येकदा काहीच उमटत नसे. गॉल्जी यांनी पुढे डायक्रोमेटमध्ये ऑस्मियम टेट्रॉक्साइड मिसळून जलद पद्धत बसविली. तिने आठवड्यांचे काम काही दिवसांवर आणले. मात्र त्याची किंमत होती. ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ डोळ्यांना आणि श्वासमार्गाला घातक असते. डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे पुढच्या काळात सिद्ध झाले. त्या पिढीतील संशोधक ही द्रव्ये फारशी काळजी न घेता हाताळीत.

या शोधाच्या बळावर गॉल्जी पुन्हा पाव्हियात परतले. १८७५ मध्ये त्यांनी गंधकंदाच्या रचनेची देखणी चित्रे प्रसिद्ध केली. १८८१ मध्ये ते पाव्हियात सामान्य विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. लांब अक्षतंतूच्या आणि आखूड अक्षतंतूच्या अशा दोन प्रकारच्या मज्जापेशी त्यांनी वेगळ्या केल्या. स्नायूंवरील ताण मेंदूला कळविणारे स्नायुबंधातील ग्राही अंग त्यांनी शोधले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

याच सुमारास त्यांचे लक्ष हिवतापाकडे वळले. १८८५ पासून त्यांनी रुग्णांच्या रक्ताची सातत्याने तपासणी केली. एक दिवसाआड येणारा ताप आणि दोन दिवसांआड येणारा ताप हे वेगवेगळ्या परजीवींमुळे होतात, तसेच तांबड्या पेशी फुटून परजीवी एकाच वेळी रक्तात बाहेर पडतात तेव्हाच थंडी वाजून ताप भरतो, हे त्यांनी दाखवून दिले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हा परजीवी शोधला. त्याच्या आधी मानवी शरीरातील त्याचे वेळापत्रक गॉल्जी यांनी मांडलेले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत शिष्यही घडले. आदेल्की नेग्री यांना १९०३ मध्ये रेबीज झालेल्या प्राण्यांच्या मज्जापेशींत आढळलेले पिंड पुढे त्या रोगाच्या निदानाला फार उपयोगी पडले.

१८९८ मध्ये गॉल्जी यांनी आणखी एक शोध जाहीर केला. घुबडाच्या लहान मेंदूतील पेशींमध्ये त्यांना केंद्रकाभोवती एक जाळीदार रचना दिसली होती. अनेकांनी तो रंगामुळे झालेला आभास ठरविला. गॉल्जी यांच्या निधनानंतर सुमारे पाव शतकाने, १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती रचना खरी असल्याचा निर्वाळा दिला. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांवर संस्कार करून ती योग्य ठिकाणी पाठविणारी ही यंत्रणा आज गॉल्जी पिंड या नावाने शाळेच्या पाठ्यपुस्तकातही आढळते.

इतके सूक्ष्म पाहणाऱ्या गॉल्जी यांची दृष्टी एका बाबतीत मात्र अडखळली. मज्जासंस्था हे अखंड जाळे असून सर्व अक्षतंतू एकमेकांत मिसळून गेलेले आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. मेंदू एकसंध काम करतो, त्याच्या भागांची कामे काटेकोरपणे वाटून देता येत नाहीत, ही त्यांची धारणा या जाळ्याशी जुळणारी होती.

१८८७ मध्ये माद्रिदमध्ये स्पेनचे सांतियागो रामॉन इ काहाल यांनी गॉल्जी पद्धतीने रंगविलेला काप प्रथम पाहिला आणि ते थक्क झाले. त्यांनी ती पद्धत आत्मसात केली, दोनदा अभिरंजन करण्याची युक्ती योजिली आणि प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व नवजात प्राणी निवडले. अशा कोवळ्या मेंदूत तंतूंभोवतीचे वेष्टन अजून तयार झालेले नसल्याने चांदी आतपर्यंत पोहोचते. काहाल यांना १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत तंतूंची टोके मोकळी दिसली. ती दुसऱ्या पेशीला भिडतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या स्वतंत्र घटकाला न्यूरॉन हे नाव दिले. गॉल्जी यांच्याच रंगाने गॉल्जी यांचे जाळे तुटले होते.

१९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले. वैद्यकाचे हे पारितोषिक दोघांत वाटले जाण्याची ती पहिलीच वेळ. दोघे प्रथम भेटले ते स्टॉकहोममध्येच. ११ डिसेंबर रोजी गॉल्जी यांनी आपले भाषण न्यूरॉन सिद्धांतावरील टीकेलाच वाहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ तोपर्यंत काहाल यांच्या बाजूला गेले होते. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी त्याच पद्धतीच्या आधारे अगदी उलट निष्कर्ष मांडले. दोन पेशींमधील सूक्ष्म फट १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली आणि वादावर पडदा पडला. तोपर्यंत दोघेही हयात नव्हते.

सार्वजनिक जीवनातही गॉल्जी यांना मान मिळाला. ते पाव्हिया विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९०० मध्ये इटलीच्या सिनेटचे सदस्य. पहिल्या महायुद्धात, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पाव्हियातील लष्करी रुग्णालयाची धुरा वाहिली आणि मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांची सोय केली. २१ जानेवारी १९२६ रोजी पाव्हियातच त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मगाव आता कोर्तेनो गॉल्जी या नावाने ओळखले जाते.

त्यांच्या रंगाचा प्रवास मात्र तेथे थांबला नाही. आजच्या मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पेशीच्या आकाराइतकेच तिच्यातील प्रथिनांना महत्त्व आहे. मेंदूच्या ऊती विरघळवून त्यांतील प्रथिने जेलच्या पातळ पट्टीत भरतात आणि विजेच्या प्रवाहाने आकारमानानुसार वेगळी करतात. वेगळी झालेली प्रथिनेही रंगहीनच असतात. ती दिसावीत म्हणून १९६३ पासून कुमासी ब्ल्यू हा मूळचा लोकर रंगविण्याचा रंग वापरात आला. पण मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाच्या द्रावणात रंगवून पुन्हा धुण्यात अनेक तास जात, आणि मिथेनॉल विषारी. १९७९ मध्ये स्विट्झर, मेरिल आणि शिफ्रिन या अमेरिकन संशोधकांनी जेलमधील प्रथिने चांदीने रंगविण्याची पद्धत बसविली. तिचे मूळ मेंदूच्या ऊतींसाठी वापरल्या जाणाऱ्या चांदीच्या अभिरंजनातच होते. कुमासीला न दिसणारी अत्यल्प प्रथिनेही तिने दिसू लागली. त्यानंतर मिथेनॉलविना, पाण्यात मिसळून वापरता येणारे कुमासीचे प्रकार आले आणि तासाभरात निकाल देऊ लागले.

आठवड्यांवरून तासाभरावर आणि घातक वाफांकडून निर्धोक द्रावणाकडे असा हा प्रवास आहे. त्याची सुरुवात आब्बियातेग्रासोच्या एका स्वयंपाकघरात झाली. न दिसणारे दिसू लागले की शास्त्र पुढे सरकते, हे गॉल्जी यांच्या आयुष्याने दाखवून दिले. आणि दिसलेल्याचा अर्थ लावताना थोर निरीक्षकाचीही चूक होऊ शकते, हेही.